प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारायलाच हवी का?

वर एकांनी लिहिलंय की माध्यमिक शाळेतली मुलं व्याकरणाचे नियम घडाघडा म्हणतात, पण इंग्रजी बोलायला तोंड उघडत नाहीत, म्हणून नियम आणखी घोटून घ्यावेत. मला नाही पटत. 'शी गोज'मधला शेवटचा 'ज' घ्या. नियम एका तासात कळतो, पण ओघात बोलताना तो जिभेवर बसायला वर्षं लागतात. मूल 'शी गो टू स्कूल' म्हणालं तर अडवू नका. 'ओ, शी गोज टू स्कूल? हाऊ?' असं विचारून गप्पा पुढे न्या. बरोबर रूप कानावर पडतं आणि मूल गप्पही होत नाही. लेखी कामात मात्र चूक दाखवावीच, पण एका वेळी एकाच प्रकारची. अख्खं पान लाल केलं तर वाचतंय कोण!

वाचायला पाठ्यपुस्तकापेक्षा सोपं काहीतरी द्या. शंभरात दोन-तीन शब्द अडले तर संदर्भाने अर्थ लागतो. दहा अडले की गोष्टीतली मजाच जाते. फक्त सोपं म्हणजे बालवाडीतलं नव्हे. चौदा वर्षांच्या मुलाला ससा-कासव दिलंत तर तो पुस्तक मिटून ठेवेल, आणि त्याचं बरोबरच आहे.