पोर्तुगीज बी१वर (मध्यम पातळीवर) अडकलंय, ऐकून समजण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी धरमपेठची. पोर्तुगालमध्ये कोइंब्रा विद्यापीठात शिकते, सध्या सुटीत नागपूरला आले आहे. वाचलेलं जवळपास सगळं समजतं, पण तिथली माणसं आपसात बोलायला लागली की धागा सुटतो. सुरुवातीचं शिक्षण ब्राझीलच्या व्हिडिओंवर झालं; तिथे स्वर मोकळे ऐकू येतात, 'तेलेफोनी'. पोर्तुगालमध्ये आघात नसलेले स्वर गिळतात, कानावर येतं 'त्लफॉन'. वाक्यच्या वाक्य असं आलं की काय करावं? रेडिओ ऐकते, आंतेना १, पण बातम्या कळतात आणि गप्पा निसटतात.

दुसरी अडचण 'जेव्हा येशील', 'वेळ मिळाला तर' अशा वाक्यांची. त्यासाठी क्रियापदाचं वेगळंच रूप लागतं. पुस्तकात ते लगेच ओळखते, बोलताना आठवत नाही.

मला बी२ची, म्हणजे पुढच्या पातळीची, दिप्ले ही पोर्तुगीजची परीक्षा द्यायची आहे. ही पायरी कुणी ओलांडली असेल तर सराव कसा केला ते सविस्तर सांगा, नुसती ॲपची नावं नकोत. आणि १९६१च्या आधी गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेले कुणी आजी-आजोबा नागपुरात असतील तर कृपया कळवा. त्यांच्या सोयीने घरी येऊन बोलत बसायला मला फार आवडेल.