साहसपटांतलं पुरातत्त्व: खोटं नेमकं कुठे आहे?

खापरवेडा

साप, सापळे, मागून गडगडत येणारा दगडी गोळा यांवर माझा काहीच आक्षेप नाही. मजा येते, मीही बघतो. खटकतं ते वेगळंच.

‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (1981) मध्ये नायक, पुरातत्त्वज्ञ इंडियाना जोन्स, पेरूतल्या एका मंदिरात शिरतो, वाळूची पिशवी ठेवून सोन्याची मूर्ती उचलतो आणि मंदिर कोसळायला लागतं. तो वाचतो की नाही याकडे आपण डोळे लावून बसतो. मंदिराचं कुणालाच काही वाटत नाही. अरे, शतकानुशतकं चालू अवस्थेत राहिलेली यंत्रणा होती ती! खऱ्या अभ्यासकाने मूर्तीला हातही न लावता तिथे आयुष्य काढलं असतं. पुढे विद्यापीठात परतल्यावर त्याने आणलेल्या किरकोळ वस्तू संग्रहालय नेहमीसारखं काही न विचारता विकत घेणार, असं त्याचा मित्र सहज बोलून जातो. म्हणजे नायक आणि तस्कर यांच्यात फरक उरला तो टोपीचा.

वस्तू महत्त्वाची, ती जिथे होती ती जागा बिनमहत्त्वाची, हे या चित्रपटांतलं मोठं खोटं. त्याची किंमत काय असते ते नेब्राच्या तबकडीवरून कळतं. कांस्याची तबकडी, तिच्यावर सोन्याचे चंद्र-तारे. 1999 साली जर्मनीत धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या दोघांनी ती बेकायदा उकरून काढली. घाईत तिला मारही बसला. काळ्या बाजारात फिरून 2002 साली स्वित्झर्लंडमध्ये पोलिसांच्या हाती लागली. सोबतच्या तलवारींवरून तिचा काळ साधारण इ.स.पू. 1600 धरतात. पण त्या तलवारी खरंच तिच्या शेजारी होत्या का? जमिनीतून काढताना तिथे उभे होते फक्त चोर. 2020 साली दोन जर्मन अभ्यासकांनी ती बरीच अलीकडची, लोहयुगातली असल्याचा दावा केला, दुसऱ्यांनी तो खोडला. थर न विस्कटता, नोंदी ठेवत खणलं असतं तर या वादाला जागाच राहिली नसती.

रविवारचा प्रेक्षक

अहो, चित्रपट आहे तो! चाळणीने माती चाळणारा माणूस दोन तास कोण बघणार? आणि ‘द लास्ट क्रुसेड’ (1989) मध्ये हाच नायक वर्गात सांगतो की पुरातत्त्वाचं सत्तर टक्के काम ग्रंथालयात होतं आणि फुलीची खूण कधीच खजिन्याची जागा दाखवत नाही. मग आणखी काय पाहिजे?

खापरवेडा

पुढचंही सांगा की. थोड्याच वेळात त्याला भलीमोठी फुली सापडते, तीही ग्रंथालयाच्याच फरशीवर, आणि तो फरशी फोडून खाली उतरतो. विनोद म्हणून झकास. पण वर्गातलं सत्य पडद्यावर किती टिकतं ते त्यात दिसलंच.

जुना नकाशा

मला हा सगळा राग अस्थानी वाटतो. ‘रेडर्स’ची गोष्ट 1936 मधली आहे आणि तुम्ही तिला आजचे नियम लावताय. पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970 चा. त्याआधी इजिप्तमध्ये सापडलेल्या वस्तूंची वाटणी व्हायची आणि परदेशी मोहिमा आपला हिस्सा उघडपणे घेऊन जायच्या. हाइनरिश श्लीमान या जर्मन हौशी संशोधकाने प्राचीन ट्रॉय शहराच्या टेकडीतून आरपार चर खणला, वरचे थर उडवले आणि 1873 साली सापडलेला खजिना देशाबाहेर पळवला. ट्रॉयच्या प्रायम राजाचा म्हणून त्याने मिरवलेला तो ऐवज ग्रीक कवी होमरच्या काव्यातल्या ट्रॉयच्या युद्धाला धरतात त्या काळाहून हजारेक वर्षं जुना निघाला. हा माणूस पडद्यावर दाखवला तर तुम्ही म्हणाल, अतिशयोक्ती!

चित्रपटातली हेरगिरीही कपोलकल्पित नाही. माया संस्कृतीचे अभ्यासक सिल्व्हेनस मॉर्ली पहिल्या महायुद्धात मध्य अमेरिकेत अमेरिकी नौदलासाठी हेरगिरी करत होते. अशा संशोधकांवर मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी 1919 साली नावं न घेता जाहीर टीका केली, तर मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने ठपका ठेवला तो बोआस यांच्यावरच. आणि चित्रपटातले खलनायक नाझी? नाझी नेता हिमलरच्या पुढाकाराने 1935 साली ‘आनेनएर्बे’ ही संस्था उभी राहिली. आर्यांच्या थोरवीचे पुरावे शोधायला ती उत्खननं आणि मोहिमा काढायची. सगळ्यात अचाट वाटणारा भागच इतिहासाला सर्वांत जवळ आहे.

खापरवेडा

नाझींचं मान्य. पण ‘तेव्हा सगळेच तसे होते’ हे नाही पटत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला इजिप्तचा राजा तुतनखामेनच्या थडग्याची पहिली पायरी नोव्हेंबर 1922 मध्ये सापडली. जेमतेम चार खोल्यांचं ते थडगं रिकामं करायला जवळपास दहा वर्षं गेली. पाच हजारांहून जास्त वस्तू, प्रत्येकीला क्रमांक, आणि हॅरी बर्टनने काढलेली छायाचित्रं. हे तुमच्या नायकाच्या 1936 च्या आधीचं आहे.

जुना नकाशा

त्याच कार्टरने ममीच्या तोंडावर राळेने चिकटलेला सोन्याचा मुखवटा तापवलेल्या सुऱ्यांनी सोडवला आणि ममीचे तुकडे केले, तेही लिहा ना.

चाळणीवाली

मी उत्खननांवर काम केलंय. तुम्हा दोघांचं भांडण वाचून गंमत वाटली. इंडियाना जोन्सची मला धास्ती नाही. त्याला खरं मानून पहिल्या वर्षाला येणारी मुलं पहिल्या आठवड्यात खापरं धुताना ताळ्यावर येतात. मला जास्त भीती शांत, ‘वास्तववादी’ चित्रपटांची.

‘द डिग’ (2021) घ्या. इंग्लंडमधल्या सटन हू इथे पुरलेल्या प्राचीन जहाजाचं 1939 चं उत्खनन. माती, पाऊस, युद्धाची चाहूल, सगळं इतकं खरं की प्रेक्षक शंका घेतच नाही. प्रत्यक्षात पेगी पिगॉट ही तोवर चांगला अनुभव असलेली पुरातत्त्वज्ञ होती. चित्रपटात ती बिचकत आलेली नवखी मुलगी. त्या जागेची शेकडो छायाचित्रं मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शिक्षिकांनी काढली. चित्रपटात त्या दोघी गायब, त्यांच्या जागी एक देखणा तरुण, पेगीच्या प्रेमप्रकरणाच्या सोयीसाठी. बोला आता, दगडी गोळा जास्त खोटा की हे?

खापरवेडा

त्या दोघींचं मला माहीत नव्हतं, राग यावा असंच आहे. तरी ‘द डिग’ला मी त्या रांगेत बसवणार नाही. सत्तावीस मीटर लांबीचं जहाज, त्याचं लाकूड आम्लधर्मी वाळूत पार कुजून गेलेलं, उरले फक्त फळ्या जोडणारे लोखंडी रिव्हेट आणि वाळूतला ठसा. तिथे खणणाऱ्या बेसिल ब्राउनने ते रिव्हेट जागचे न हलवता जहाजाचा आकार उघडा केला. उचलून नेण्यासारखी नसलेली गोष्टही पुरावा असते, हे आणखी कुठल्या चित्रपटाने दाखवलंय?

चाळणीवाली

ते दाखवलंय, छान दाखवलंय. म्हणून तर बाकीचंही लोक खरं धरतात.

रविवारचा प्रेक्षक

मघापासून सापळ्यांना सगळे हसताय. चीनचा पहिला सम्राट छिन श्र-हुआंग याच्या थडग्यात आपोआप सुटणारे बाण आणि पाऱ्याच्या नद्या होत्या, असं जुन्या इतिहासकाराने लिहूनच ठेवलंय.

जुना नकाशा

सिमा छियान. त्याने सम्राटाच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलं, त्यामुळे बाणांचं जपूनच घ्यावं. पाऱ्याचं मात्र तितकं हवेतलं नाही, टेकडीवरच्या मातीत त्याचं प्रमाण खरोखरच जास्त आढळलंय.

चाळणीवाली

आणि त्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक 1974 साली सापडले, तरी मुख्य थडगं अजून उघडलेलं नाही. सैनिकांवरचा रंग हवा लागताच पोपडे धरून गळायला लागला, तो अनुभव गाठीशी आहे. आतलं टिकवण्याची खात्री नाही तोवर हात न लावणं हाही पुरातत्त्वातला निर्णयच. नायक दारापर्यंत जातो, मोजमापं घेतो आणि दार न उघडता परत येतो, असा चित्रपट कुणी काढला तर पहिलं तिकीट माझं.

रविवारचा प्रेक्षक

दुसरं कुणाचं?