बीआरसीएचा रिपोर्ट आला, पण समजावलं सगळं सिस्टरनी. असंच असतं का?

प्रश्न
मोठ्या बहिणीला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. तपासणीत बीआरसीए १ या जनुकात दोष निघाला, त्याने कॅन्सरचा धोका वाढतो म्हणे. डॉक्टर थोडक्यात बोलले, बाकी सगळं सिस्टरनी. काका, आत्या, आजोबा कशाने गेले, तेव्हा वय काय होतं, सगळं खोदून विचारलं. मग मला म्हणाल्या, तुम्हीही तपासणीचा विचार करा. एवढी मोठी गोष्ट नर्सच्या सांगण्यावरून करायची? आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी वडिलांकडची चौकशी कशाला?

उत्तर १ (कॅन्सर विभागात नर्स)
ताई, निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या, पण सिस्टरचं म्हणणं सोडून देऊ नका. माझा निम्मा दिवस याच चौकशीत जातो. सदोष जनुक आईकडून येतं तसंच वडिलांकडूनही येतं. पुरुषांमध्ये त्यातून आजार बाहेर पडेलच असं नाही, म्हणून ते घराणं निर्धास्त असतं.

तीन पिढ्यांचा तक्ता काढतो आम्ही. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, गेलेल्यावर तिरकी रेघ. कोणी "पोटाचा कॅन्सर" म्हणालं की मी तिथेच थांबते. एका बाईंनी आत्याबद्दल तेच सांगितलं. विचारलं, पोट फुगायचं का, पाणी काढायला लागायचं का? "हो, सारखंच." जुने कागद मागवले, तर अंडाशयाचा कॅन्सर! तोही याच जनुकाच्या दोषातून होऊ शकतो, म्हणून सगळा हिशोबच फिरला.

सख्ख्या बहिणीत दोष असेल तर तुमच्यात असण्याची शक्यता साधारण ५० टक्के. तिचा रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे नेमका तोच बदल तुमच्यात शोधता येतो. पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. स्तनाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका मात्र ६० टक्क्यांच्या वर जातो, म्हणून कमी वयापासून दरवर्षी एमआरआय करतात. अंडाशयासाठी भरवशाची तपासणीच नाही. त्यामुळे मुलंबाळं झाल्यावर, ३५ ते ४०च्या दरम्यान, अंडाशय आणि बीजनलिका काढायचा सल्ला देतात. हे सगळं रक्त देण्याआधी ऐकून घ्या, नंतर नव्हे.

उत्तर २
पुरुष मंडळींनीही वाचा. आमच्याकडे बीआरसीए २, म्हणजे तसंच दुसरं जनुक, सदोष, वडिलांकडून आलेलं. घरात सगळे हा बायकांचा विषय समजून बसले होते. प्रोस्टेटच्या (पुरुषांमधल्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचा धोका वाढतो आणि चाळिशीपासून त्यासाठी रक्तातलं पीएसए तपासायला हवं, हे आम्हा भावांना सिस्टरनीच बसवून सांगितलं.

प्रश्नकर्ती
आज आईला विचारलं. आत्या "पोटातल्या गाठीने" गेली म्हणे. तिच्या मुलींशी आमचं जुनं भांडण आहे, बोलणंच नाही. सिस्टर त्यांना परस्पर फोन करतील का?

उत्तर १
नाही हो. रिपोर्ट तुमच्या बहिणीचा, तिच्या परवानगीशिवाय आम्ही कोणाला काही सांगू शकत नाही. पण नातेवाइकांसाठी पत्र मिळतं का ते विचारा. त्यात जनुकाचं नाव आणि नेमका बदल लिहिलेला हवा, म्हणजे त्या आपल्या डॉक्टरांना दाखवतील. बहीण हो म्हणाली की पाठवून द्या, बोलायची गरज नाही. घरातल्या १८च्या आतल्या मुलींची तपासणी आत्ता करू नका, मोठ्या झाल्या की त्या ठरवतील.

आणि वडील असतील तर आधी त्यांचं रक्त तपासून घ्या. दोष त्यांच्यात निघाला तर पत्र आत्याच्या मुलींना. नाही निघाला तर बहुतेक आईकडचा, मग ते मावशीच्या घरी जायला हवं.