मदत हवी आहे: केमो संपून साडेतीन महिने झाले, बाबांचा थकवा हटत नाही आणि रात्रीची झोप गेलीये

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज पहाटे साडेतीनला पाणी प्यायला उठले तर बाबा अंधारात खुर्चीत बसलेले, दिवा पण लावला नव्हता, आणि मला म्हणाले "तू झोप, मला काही होत नाहीये." मग म्हटलं आता विचारूनच टाकू. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, स्टेज ३. दहा महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, उजव्या बाजूचं आतडं काढलं. नंतर केपॉक्सच्या आठ सायकल झाल्या, म्हणजे दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. शेवटी शेवटी बोटं बधीर व्हायला लागली म्हणून डोस कमी केला होता. आता सीटी स्कॅन क्लिअर आहे, सीईए (या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ताची तपासणी) नॉर्मल, डॉक्टर म्हणाले छान आहे, तीन महिन्यांनी या. आम्ही सगळे इतके खूष होतो त्या दिवशी! वाटलं आता महिन्याभरात बाबा पहिल्यासारखे होतील.

तसं झालं नाही. आंघोळ करून आले की अर्धा तास पडून राहावं लागतं. पेपर वाचायला घेतात आणि एकाच पानावर असतात. तळपायाच्या मुंग्या कमी व्हायच्या तर उलट केमो संपल्यावर जास्तच झाल्या, म्हणतात पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं. दिवसभर पडून पडून दुपारी दोन अडीच तास झोप होते आणि रात्री दहाला आडवे होतात ते एक दीडला जाग, मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहतात.

घरात तीन मतं. आईचं म्हणणं शरीराने एवढं सोसलंय तर त्यांना आराम करू दे, ती त्यांना पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाही. दादाचं अगदी उलट, त्याने स्मार्टवॉच आणून दिलं, रोज दहा हजार पावलं म्हणाला. बाबांनी त्याच्या समाधानासाठी पहिल्याच दिवशी पन्नास मिनिटं चालून दाखवलं आणि पुढचे दोन दिवस उठले नाहीत, मग आई दादाला बोलली, दादा घरातून निघून गेला. आता ते घड्याळ रोज सकाळी झोपेचे मार्क दाखवतं आणि ४१ बघून बाबा दिवसभर त्याच विचारात असतात. आणि मी मधे, मला खरंच कळत नाही कोण बरोबर आहे.

माझे प्रश्न: साडेतीन महिन्यांनी इतका थकवा असणं ठीक आहे का? चालायला लावायचं तर किती, कसं? आणि झोपेसाठी आईची झोपेची गोळी आहे त्यातली अर्धी देऊन बघू का? हे शेवटचं विचारताना मलाच बरं वाटत नाहीये पण ते पहाटेचे जागे बसलेले बघवत नाहीत.

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी गोळीचं सांगतो, देऊ नका. पाय बधीर, वय ६० च्या वर, रात्री बाथरूमला उठणं आणि वर झोपेची गोळी, या चौघांनी मिळून माणूस पडतो. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत झालंय, खुब्याचं हाड मोडलं, कॅन्सरपेक्षा त्याने जास्त दिवस खाल्ले. गोळी लागणारच असेल तर ती त्यांच्या डॉक्टरने बाकीची औषधं बघून लिहून द्यावी.

प्रतिसाद

मी स्वतः यातून गेलेय, वेगळा कॅन्सर, चार वर्षं झाली. तो थकवा साधा नसतो हो. साधा थकवा झोपून उठलं की जातो, हा झोपून उठल्यावर पण तिथेच असतो. मला घरचे म्हणायचे आता तर सगळं संपलं ना, आणि मी गप्प बसायचे कारण संपलंय हे मला पण माहीत होतं, शरीराला माहीत नव्हतं. काही महिने राहतो, काहींना वर्षभर किंवा त्याहून जास्त पण राहतो, त्यामुळे बाबा आळस करतात असं कोणाच्याही मनात येऊ देऊ नका.

पण एक करा, "केमोचा थकवा आहे" म्हणून सोडून देऊ नका. आधी तपासून घ्या. हिमोग्लोबिन, लोह, बी१२, थायरॉइड, शुगर. आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्त जात राहिल्याने लोह कमी झालेलं असतं बऱ्याच जणांचं. आणि मन उदास आहे का ते पण विचारा, वडील माणसं ते स्वतःहून सांगत नाहीत, "काही होत नाहीये" हेच सांगतात.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करते. तुमच्या घरात आई पण बरोबर नाहीत आणि दादा पण नाही, रागावू नका.

नुसता आराम केला की स्नायू अजून घटतात, मग तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो, मग अजून आराम. आणि दुसऱ्या बाजूला एका दिवशी सगळं उधळायचं आणि दोन दिवस झोपायचं, यातून ताकद वाढत नाही, फक्त भीती वाढते. पन्नास मिनिटं नकोत. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाट जागेवर, आणि चांगला वाटणाऱ्या दिवशीसुद्धा तेवढंच! हे शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड असतं. वेग असा की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकाच थकवा असेल तर आठवडाभराने दोन तीन मिनिटं वाढवा, जास्त असेल तर कमी करा.

पोचायचं कुठे ते पण सांगते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१८ मध्ये बऱ्याच देशांतले तज्ज्ञ बोलावले होते, २०१९ मध्ये त्यांच्या शिफारशी छापून आल्या. मध्यम जोराचा व्यायाम ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, आणि शक्य असेल तर दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढ्याने थकवा, चिंता, उदासी यात फरक पडतो. म्हणजे दहा हजार पावलं कुठेच लिहिलेली नाहीत. आणि हे तीन महिन्यांनी पोचायचं ठिकाण आहे, या सोमवारचं नाही.

ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं बसायचं, पाच वेळा, थांबून परत पाच वेळा. ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या. पाय बधीर आहेत म्हणून तोल सांभाळायचे व्यायाम हवेतच, भिंतीजवळ उभं राहून एका पायासमोर दुसरा पाय ठेवून दहा सेकंद, कोणीतरी शेजारी पाहिजे. अनवाणी अजिबात नको, बंद बूट, आणि रात्री तळपाय नीट बघा, टोचलेलं कळत नाही त्यांना. पोटाचं ऑपरेशन झालंय तर वजन उचलायच्या आधी सर्जनला विचारा, जखमेपाशी फुगवटा येतो का बघा.

आणि हे मात्र पाठ करा: छातीत दुखलं, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, एकाच पोटरीला सूज येऊन दुखायला लागलं, चक्कर आली, हाडात नवीन दुखणं सुरू झालं, शौचातून रक्त गेलं, तर व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टर.

मुंग्यांचं, ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही महिने त्या वाढू शकतात, औषध बंद झालं तरी. मग हळूहळू कमी होतात, सगळ्यांच्या पूर्ण जात नाहीत. स्वतःच्या मनाने बी६ च्या जास्त पॉवरच्या गोळ्या सुरू करू नका, जास्त झालं की बी६ ने पण नसांना त्रास होतो. जळजळ किंवा दुखणं असेल तर त्यासाठी औषध आहे, डॉक्टरांना विचारा.

प्रतिसाद

दादाच्या बाजूने थोडं बोलू का, तो चुकलाय पण उगाच नाही म्हणत. मोठ्या आतड्याच्याच कॅन्सरवर एक मोठा अभ्यास झालाय, चॅलेंज नावाचा, २०२५ मध्ये आला. ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ पेशंट, निम्म्यांना तीन वर्षं शिकवणारा माणूस देऊन व्यायाम करायला लावला, निम्म्यांना फक्त माहितीची पुस्तकं दिली. पाच वर्षांनी कॅन्सर परत न येता असलेले व्यायामवाल्यांत ८०.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. मी माझ्या भावाच्या वेळी हे वाचून खुर्चीतून उठलो होतो. पण त्यातले लोक सुद्धा सहा महिने घेऊन हळूहळू वाढवत गेले, आणि बहुतेकांनी चालणंच निवडलं होतं. दादाला हे दाखवा, तो आणि आई एका पानावर येतील.

प्रतिसाद

झोपेबद्दल. मला केमोनंतर आठ महिने निद्रानाश होता, शेवटी ज्याने फरक पडला ते गोळी नव्हतं, सीबीटी-आय नावाची पद्धत आहे, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायचे, जुन्या निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हीच करा असं डॉक्टरांच्या संघटना सांगतात. मला काय करायला लावलं ते लिहितो.

उठायची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. मी सहा ठेवली होती, पहिले दहा दिवस वाईट गेले खोटं कशाला सांगू. दुपारची झोप बंद नाही पण २०-३० मिनिटं, तीनच्या आत, अलार्म लावून. दिवसा पलंगावर पडायचं नाही, दमलात तर खुर्चीत बसा, पलंग फक्त रात्रीसाठी. झोप येत नाहीये असं साधारण वीस मिनिटं वाटलं की उठायचं, मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत. म्हणजे तुमचे बाबा खुर्चीत जाऊन बसतात ते चुकीचं नाहीये, फक्त अंधारात नको, पाय बधीर आहेत, वाटेत छोटा दिवा लावून ठेवा. घड्याळ बघायचं नाही. सकाळी उठल्यावर बाहेरच्या उजेडात पंधरा मिनिटं, तिथेच त्यांचं चालणं पण होऊन जाईल. दुपारनंतर चहा कॉफी नको.

यात अंथरुणातला वेळ कमी करायचा पण एक भाग असतो, साडेपाच तास झोप लागते तर नऊ तास पडून राहायचं नाही, सहाच तास. तो भाग या पद्धतीतल्या जाणकार माणसाला विचारल्याशिवाय करू नका, तोल जाणाऱ्या माणसाला झोप अजून कमी झाली तर पडायची भीती.

आणि ते घड्याळ रात्री काढून ठेवा हो. ४१ मार्क मिळाले म्हणून माणूस अजून जागतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, मी हे सगळं आईला वाचून दाखवलं, ती मधेच डोळे पुसत होती. "मला वाटलं मी काळजी घेतेय" म्हणाली. काळजीच घेत होती ती, त्यात चूक काय होती. दादाला तो अभ्यासाचा प्रतिसाद पाठवला, त्याचा फोन आला रात्री. गोळीचा विचार सोडलाय. परवा ऑन्कॉलॉजिस्टची वेळ घेतलीये, फिजिओताईंनी लिहिलंय ते सगळं कागदावर उतरवून नेणार आहे. एक विचारायचं राहिलं, फार वाईट दिवस असेल त्या दिवशी चालणं सोडायचं का?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट)

ताप किंवा वर लिहिलेलं काही असेल तर सोडायचं. नुसतं गळून गेल्यासारखं असेल तर दहाच्या जागी पाच मिनिटं, घरातल्या घरात. बूट घालून दारापर्यंत गेले तरी चालेल, सवय तुटता कामा नये.

धागाकर्ती — पाच आठवड्यांनंतर

कळवते म्हणाले होते, उशीर झाला. लोह फारच कमी निघालं, हिमोग्लोबिन ९.८, शिरेतून लोह दिलं. म्हणजे आम्ही तीन महिने ज्याला केमोचा थकवा म्हणत होतो त्यातला निदान थोडा तरी भरून निघण्यासारखा होता, याची रुखरुख लागून राहिलीये. ज्यांच्या घरी असं आहे त्यांनी रक्त तपासायला माझ्यासारखा उशीर करू नका.

चालणं दहा मिनिटांवरून सोळा मिनिटांवर आलंय, दोन वेळा. मधे एकदा बरं वाटलं म्हणून बाबा परस्पर अर्धा तास जाऊन आले आणि दुसरा दिवस गेला, पण या वेळी त्यांनीच सांगितलं की जास्त झालं. खुर्चीवरून उठण्याचे व्यायाम आई पण बरोबर करते, मोजते मोठ्याने. मुंग्या आहेत तशाच आहेत. घड्याळ दादाने स्वतः येऊन परत नेलं आणि आता रविवारी तो फक्त चालायला बरोबर येतो.

झोप अजून पूर्ण बसली नाही. पण दीडऐवजी साडेतीनला जाग येते, आणि आठवड्यातून दोन तीन रात्री परत झोप लागते. दुपारचा अलार्म वाजला की चिडतात, उठतात मात्र.

आता पुढच्या मंगळवारी सीईए आणि तपासणी आहे, आणि तारीख कळल्यापासून दोन रात्री परत पहिल्यासारख्या गेल्या. तुमच्यापैकी जे यातून गेलेत त्यांनी सांगा, रिपोर्टच्या आधीच्या त्या आठवड्यात तुम्ही काय करायचात? बाबांशी त्याबद्दल बोलावं की विषयच काढू नये?