उथळ पाण्यासाठी कोबाल्ट ग्रीन: विकत घ्यावा की मिसळून भागवावं?

खाडीकाठ: दिवाळीनंतर मालवणकडे किनाऱ्यालगतचं पाणी निवळतं. तो फिकट हिरवा-निळा जलरंगात हवा असेल तर पीजी ५० (पीजी म्हणजे पिगमेंट ग्रीन, हिरव्या रंगद्रव्याचा क्रमांक), म्हणजे कोबाल्ट टायटेनेट, घ्याच. ट्यूबवरच्या नावाला भुलू नका, मागचा नंबर वाचा. पीजी १९ कोबाल्ट-जस्ताचा, फिका. पीजी २६ कोबाल्ट-क्रोमियमचा, गडद. नावापुढे ‘ह्यू’ दिसलं तर आत कोबाल्ट नसणार असंच धरा.

चिरेबंदी: एवढे पैसे मोजून मिळतो काय, तर दुबळा रंग! व्हिरिडियन हिरवा (पीजी १८) दोन भाग, सेरुलियन निळा (पीबी ३५, पीबी म्हणजे पिगमेंट ब्लू) एक भाग घ्या. दोन्ही दाणेदार, दोन्ही टिकाऊ, आणि बहुतेकांच्या पेटीत आधीच असतात.

खाडीकाठ: व्हिरिडियन पॅनमध्ये, म्हणजे पेटीतल्या खणात, सुकला की दगड होतो, घासून घासून ब्रशची वाट लागते. शिवाय पीजी ५० चे कण जड. त्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) सैल मिसळा, कागद थोडा तिरका धरा: हिरवा रफ कागदाच्या खळग्यांत बसतो, तांबूस पसरतो. शेवाळलेला जांभा एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच थरात! तुमच्या मिश्रणात ही फारकत एवढी स्पष्ट होत नाही.

चिरेबंदी: जांभ्याचं मान्य. पण पीजी ५० अर्धवट अपारदर्शक आहे हे नवख्यांना कोण सांगणार? वरून दुसरा थर दिला की खडूसारखा दिसतो. आणि कितीही घट्ट लावा, गडद होत नाही. खारफुटीच्या सावलीत तर तो नकोच.

भरतीओहोटी: तिथे पीजी २६ वापरा की. दोघांनीही हवेचा मुद्दा सोडलात. पीजी ५० कागदाला डाग धरत नाही, चुकलं तर ओल्या ब्रशने सहज उचलता येतं. पण त्याच गुणामुळे दुसरा वॉश पहिल्याला उखडतो. पावसाळ्यात कागद वरून सुका दिसला तरी आत ओल असते. हाताची मागची बाजू टेकवा, गार लागलं तर थांबा. मग मऊ ब्रशने एकच फटकारा, परत फिरवायचं नाही. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर कोबाल्ट पेटीत ठेवूच नका, पोटात जाईल.

चिरेबंदी: ठीक, पण मग सगळ्यात लहान ट्यूब. त्याहून मोठी घेणं उधळपट्टीच.