अमीर-ए-आखूर : मराठीत काय म्हणाल? (रझिया सुलतान संदर्भ)

गोधडी :
दिवाळी अंकासाठी रझियावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय, एका पदावर गाडी अडलीये. जमालुद्दीन याकूत नावाच्या हबशी सरदाराला तिने अमीर-ए-आखूर केलं, म्हणजे शाही घोड्यांचं सगळं खातं त्याच्याकडे. मी लिहिलं 'पागेचा प्रमुख'. संपादकांनी खोडून 'मोतद्दार' केलं, म्हणे वाचकाला पटकन कळतं. अहो पण मोतद्दार म्हणजे खरारा करणारा, चंदी घालणारा, तोबरा बांधणारा माणूस ना? असल्या माणसावरून तुर्की अमीर इतके कशाला भडकतील? सुचवा काहीतरी, अंक छापायला जायचाय.

अण्णा_नांदेडकर :
मोतद्दार साफ चूक. ताई तुमच्या संपादकांना एवढंच सांगा की कुतुबुद्दीन ऐबक हा महंमद घोरीकडे अमीर-ए-आखूरच होता, आणि तो पुढे सुलतान झाला. म्हणजे ही वर चढायची शिडी होती, लीद काढायची नोकरी नव्हे. असली पदं आपल्यातच राहावीत असं तुर्की गुलाम-सरदारांना वाटायचं, त्यात तिने एक हबशी आणून बसवला, पोटदुखी तिथे आहे.

सरळवळण :
पागा पण फारसीच की. पायगाह वरून आलेला शब्द, निजामाच्या राज्यातले पायगा सरदार तेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अश्वाध्यक्ष' हा तयार शब्द आहे, तो सोडून उसनवारी कशाला? महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच का.

मुंबैकर :
अश्वाध्यक्ष म्हणजे तुर्काला सोवळं नेसवल्यासारखं वाटतं राव. आणि कोश झाला तरी पागा, बारगीर, शिलेदार हे शब्द मराठी फौजेत शेवटपर्यंत होतेच, कोणी टाकले? बाकी 'तबेल्याचा प्रमुख' तेवढं लिहू नका, आमच्याकडे तबेला म्हटलं की लोकांना म्हशी दिसतात, गोरेगाव नायतर जोगेश्वरी :)

पेठेतली :
आणि पुण्यात पागा म्हटलं की मुलींची शाळा. हुजूरपागेत माझी आई शिकली, मी शिकले, आणि पेशव्यांचे घोडे तिथे असायचे हे मला दहावी झाल्यावर कळलं. 'पागनीस' चालेल का हो? आमच्या शेजारी पागनीस राहायचे.

अण्णा_नांदेडकर :
नाही चालणार. नीस म्हणजे नवीस, लिहिणारा. फडणीस, चिटणीस तसा पागनीस, पागेचे हिशेब ठेवणारा कारकून. याकूतला कारकून करू नका आता.

फारसीवाला :
मूळ मुद्दा राहतोय. पद छोटं दाखवलं की गोष्टच बदलते, आणि हे पूर्वीपासून चालू आहे. रझियाचा बाप सुलतान अल्तमश १२३६ मध्ये गेला, थोरला कर्तबगार मुलगा आधीच बंगालमध्ये वारलेला, अमिरांनी रुक्नुद्दीन फिरोजला बसवलं, तो चैनीत आणि कारभार आई शाह तुर्कानच्या हातात, तिने एका सावत्र मुलाचे डोळे काढवून त्याला मारवलं. सात महिन्यांच्या आत रुक्नुद्दीन संपला आणि दिल्लीच्या लोकांच्या जोरावर रझिया आली. वजीर जुनैदीने तर तिला मान्यच केलं नाही. म्हणजे भांडण पहिल्या दिवसापासून गादीचं होतं, याकूत नंतरचा. इतिहासकार मिन्हाज त्याच काळात दिल्लीत होता, तो एवढंच म्हणतो की याकूत तिच्या मर्जीतला झाला आणि अमीर जळायला लागले. त्याच्या वर्णनात ती पडदा सोडून, कबा नि कुलाह (अंगरखा नि टोपी) घालून लोकांसमोर हत्तीवरून जाते. ती घोड्यावर चढताना याकूत हात धरायचा, हे इसामी या कवी-इतिहासकाराचं, शंभरेक वर्षांनी लिहिलेलं. आणि इसामीने ते दिल्लीत नाही, आपल्या दौलताबादला बसून लिहिलं, बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. मोतद्दार लिहिलंत की तुम्ही नकळत इसामीच्या बाजूने गेलात.

झाडीपट्टी :
आखूर हा आमचा 'आखर' तर नाही? भंडाऱ्याकडे सकाळी गावातली गुरं जिथे गोळा करून उभी करतात त्या जागेला आखर म्हणतात. जनावरं बांधायची जागा, अर्थ जुळतो.

फारसीवाला :
फारसी आखूर म्हणजे गव्हाण, तिथून तबेला. कानाला सारखं लागतं म्हणून नातं जोडायचं नसतं.

झाडीपट्टी :
संस्कृतातही आखर आहे, जनावराची राहायची जागा. तुमच्या फारसीने आमच्याकडून घेतला नसेल कशावरून? आमचं काही निघालं की लगेच कानाला लागतं, आणि पायगाहची पागा झाली ते चालतं.

मुंबैकर :
एक शंका, जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान तो हाच का?

अण्णा_नांदेडकर :
अहो चारशे वर्षांचं अंतर आहे! याकूत म्हणजे माणिक. गुलामांना अशी नावं द्यायची पद्धत होती, याकूत, काफूर, अंबर.

पेठेतली :
मग मर्जीतला असूनही तिला वाचवता नाही आलं का त्याला?

फारसीवाला :
त्यालाच आधी मारला. १२४० मध्ये भटिंड्याच्या अल्तुनियाने बंड केलं, ती फौज घेऊन गेली, तिथे तिच्याच बरोबरच्या तुर्की अमिरांनी याकूतचा काटा काढला आणि तिला कैद केलं. इकडे दिल्लीत भाऊ बहराम तख्तावर. मग तिने अल्तुनियाशीच लग्न लावलं, दोघं दिल्लीवर चालून आले, हरले, आणि कैथलजवळ मारले गेले. आता लेखात तिने लग्न 'प्रेमापोटी' केलं असं असेल तर तेही तपासा.

सरळवळण :
इतिहास सगळ्यांना माहीत आहे, प्रश्न शब्दाचा आहे. अश्वाध्यक्षाला अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.

गोधडी :
संपादकांना ऐबकचं सांगितलं. ते म्हणतात मोतद्दार नको तर 'हबशी गुलाम' करा आणि विषय संपवा.

अण्णा_नांदेडकर :
कमाल आहे! ऐबक, अल्तमश हे पण गुलामच होते, त्यांना कोणी नुसतं 'तुर्की गुलाम' म्हणून सोडून देतं का, ते सुलतान. अहमदनगरचा चंगेजखान हबशी होता, मलिक अंबर त्याचा गुलाम, आणि दोघेही निजामशाहीचे पेशवे झाले. त्यांना काय म्हणणार तुमचे संपादक?

पेठेतली :
निजामशाहीत पेशवे??

मुंबैकर :
झालं, पेशवे आले. आता धाग्याची शंभरी नक्की.