ओटीपी जाते मुलाच्या फोनवर पुण्याला आणि मी इथे रांगेत उभी. तुमच्याकडे कसं करता?

पऱ्हाटीवाली (राळेगाव तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. घरी आमचे हे, सासूबाई आणि मी. मुलगा पुण्याला नोकरीवर. पाच एकर वावर आहे, माझ्याच नावावर. पऱ्हाटी आणि मधात तुरीचे तास.

कापसाच्या भावावर अन् रात्रीच्या लाइनीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहून राहिली ते बारक्या किरकिरीचं. कोणाला सांगितली तर "एवढंच ना?" म्हणतात. पण असं एवढंच एवढंच करत मागच्या पंधरवड्यात माझे चार दिवस गेले, आणि हे वेचणीचे दिवस आहेत. बाया सांगून ठेवल्या की त्या तुमच्यासाठी थांबत नाहीत, दुसऱ्याच्या वावरात जातात.

२०१९ मध्ये किसान सन्मानचा फॉर्म भरला तेव्हा घरात मेसेज वाचता येईल असा फोन एकच होता, मुलाचा. तेव्हा तो यवतमाळला शिकत होता, शनिवारी घरी यायचा. आधारला त्याचाच नंबर दिला. माझ्या, यांच्या, सासूबाईंच्या, तिघांच्याही. बँकेत तोच, गॅसला तोच. तेव्हा कोणाला वाटलं होतं की पुढे पानही हलणार नाही त्या नंबराशिवाय.

परवाच्या मंगळवारी खात्याची केवायसी करायला तालुक्याला गेली. सकाळच्या एसटीने. साडेअकराला माझा नंबर आला. समोरचा पोरगा म्हणते, "काकू, ओटीपी सांगा." मुलाला फोन लावला, त्याने कट केला. मीटिंगमध्ये असते तो, मला माहीत आहे. पुन्हा लावला, पुन्हा कट. मेसेज टाकायला गेली तर बोटं चालत नाहीत पटपट, चष्मा पिशवीत खाली. मागून एक भाऊ म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा, आमचं होऊ द्या." झाली बाजूला. मुलाचा फोन आला तेव्हा दहा मिनिटं उलटून गेली होती. तरी सहा आकडे तळहातावर लिहून घेतले. पोरानं टाकले, चालले नाहीत. दुसरा ओटीपी पाठवला तर मुलगा पुन्हा कामात. मग सर्व्हर गेला. एक वाजता सांगितलं, उद्या या. घरी येऊन हात धुतले तरी ते आकडे निळे दिसतच होते.

दुसरं, अंगठा. हे कापूस वेचणाऱ्या बायांनाच समजेल. बोंड फुटून वाळलं की त्याच्या कडा काट्यासारख्या होतात. एका एका बोंडातून कापूस ओढताना त्या नखाशेजारी टोचतात. आठ दिवस वेचलं की बोटाच्या टोकाची कातडी खरखरीत होते, वर बारीक पांढऱ्या चिरा पडतात, लुगड्याला हात लावला तर धागा अडकते. त्या बोटानं रेशनच्या मशीनवर अंगठा द्यायचा. दुकानदार म्हणते पदराला पुसा. पुसलं. केसाला घासा, तेल लागेल. घासलं. लाल लाइट. सासूबाईंचं वय ७४, त्यांनी आयुष्यभर हेच केलं, त्यांच्या अंगठ्यावर तर रेघच उरली नाही. दुकानातून परत येताना त्या मला म्हणाल्या, "माह्या हातचं मीच आहो, हे आता मशीन सांगन का वं?"

त्या ओटीपीला 'ओटी' म्हणतात. रोज संध्याकाळी विचारतात, ओटी आली का. आमच्याकडे वेचलेला कापूस ज्यात टाकतो तीही ओटीच, त्यांना दुसरा शब्द कशाला लागेल.

मला राग कशाचा येते सांगू? बियाण्यापासून बाजारापर्यंतचा हिशोब मी ठेवते, सातबारा माझ्या नावाचा, आणि माझ्याच कामासाठी मला मुलाला विचारावं लागते, तुला वेळ आहे का म्हणून. तो वाईट नाही. पण "आई, नंतर करू" हे मी किती वेळा ऐकू?

विचारायचं एवढंच. आधारचा नंबर बदलायला काय लागते? बोटांचं काय करता? आणि सासूबाईंच्या साध्या फोनला फक्त आलेला फोन उचलायचा असते, त्यालाही दर २८ दिवसांनी एवढा पैसा टाकावा लागते का?

---

सेंटरवाला (हिंगणघाटकडचा)

ताई, मी रांगेच्या दुसऱ्या बाजूला बसणारा माणूस. तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण "बाजूला व्हा" मीही म्हणतो. मागं चाळीस लोक असतात अन् त्यातल्या निम्म्यांची संध्याकाळची एकच गाडी असते.

नंबर बदलायला कोणताही कागद लागत नाही. फक्त आधार घेऊन स्वतः आधार केंद्रावर जा. जुन्या नंबरवर ओटीपी पण लागत नाही, तुमची बोटं किंवा डोळे लागतात. हे पुष्कळ लोकांना माहीतच नाही, जुनं सिम शोधत बसतात. फी आधी ५० रुपये होती, १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ झाली. पावती जपून ठेवा, तिच्यावर नोंदणी क्रमांक असते. बदल चार दिवसात होते, कधी महिना लागते, म्हणून हप्त्याच्या तोंडावर नका जाऊ.

सासूबाईंना तालुक्याला नेऊ नका. पोस्टमनला विचारा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत २०२१ पासून पोस्टमन घरी येऊनही आधारचा मोबाईल नंबर बदलून देतात. सगळ्या गावात मशीन असेलच असं नाही, पण विचारायला काय जाते.

एका नंबरला घरातल्या सगळ्यांचं आधार जोडता येते, तेव्हा तिघांनाही तुमचाच नंबर द्या. आणि हे नीट वाचा: आधारला नंबर बदलला म्हणजे बँकेत बदलला असं होत नाही. बँकेत वेगळा अर्ज, गॅसला वेगळा. इथं दहातले सात लोक फसतात अन् मग मला येऊन बोलतात.

---

निवृत्त गुरुजी, दारव्हा

रिचार्जचं मी सांगतो, कारण त्यावर माझा फार जीव जळतो.

२८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्ष बारा महिन्यांचं आणि रिचार्ज तेरा. चौथीच्या मुलाला घातलं तर तो लगेच सांगेल तेरावा पैसा कुठून आला. लोकांनी तक्रारी केल्या म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणानं जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं निदान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा ठेवावा. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये आणखी सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि मेसेज असलेले प्लॅन ठेवा, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. म्हणजे तुमच्या सासूबाईंसाठी सोय आहे. पण मोबाईलच्या दुकानात ती कोणी आपणहून सांगत नाही. मी तीन वेळा विचारलं तेव्हा पोरानं स्क्रीन खालपर्यंत सरकवली.

अंगठ्याचा अनुभव मलाही आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. चाळीस वर्षं खडू धरला, बोटं गुळगुळीत. हल्ली चेहरा दाखवूनही होतो, नोव्हेंबर २०२१ पासून ती सोय आहे. नात ओट्यावर उजेडात बसवते, डोळे मिचकावा म्हणते, आणि होतं. पण नात दिवाळीला आली तरच, हेही खरं.

आणि विषय निघालाच आहे तर दहाच्या नाण्याचं लिहू द्या. आमच्याकडे किराणावाला घेत नाही, म्हणतो नकली आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं आहे की चौदाही नमुन्यांची नाणी चालतात. मी छापील कागद नेऊन दाखवला. तो म्हणाला, "गुरुजी, मी तुमच्याकडून घेतो, पण माझ्याकडून कोण घेईल?" एका डब्यात माझ्याकडे अशी साठ-सत्तर नाणी पडून आहेत. एसटीत कंडक्टर तेवढे घेतात.

---

अकोटचा, सध्या पुण्यात

काकू, तुमच्या मुलाच्या जागी मी आहे. माझ्याकडे आई, बाबा आणि आजीचा ओटीपी येतो.

दुपारी आईचा फोन वाजला की मला आधी भीती वाटते, कोणाला काही झालं का. मग दुसऱ्यांदा वाजतो तेव्हा कळतं, ओटीपी असेल. समोर साहेब बोलत असतात, मी कट करतो. त्या वेळी आई कुठं उभी आहे, तिच्या मागं किती लोक आहेत, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. तुमचं ते तळहातावर लिहिणं वाचलं आणि आईला फोन केला. ती म्हणाली, "मी तर पावतीच्या मांगं लिहितो, पेन मांगून."

या दिवाळीला पाच दिवस गावी होतो, त्यातला एक दिवसही या कामाला दिला नाही. आता रजा टाकली आहे. बँक, गॅस, आधार, तिन्ही ठिकाणी जाऊन नंबर आईचा करून देतो.

एक विनंती. स्वतःच्या फोनवर ओटीपी यायला लागला की फोनवरून मागणाऱ्या कोणालाही तो सांगू नका, तो बँकेचा साहेब म्हणो की आणखी कोणी. आपण समोर उभे राहून जे काम करतो त्यालाच द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा. हा नंबर आजीच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे मी.

---

मारेगावची माय

ताई, मी मजुरीनं वेचाले जातो. माह्या बोटाची गोष्ट सांगतो.

अंगठ्यानंच द्याव लागते असं काई नाई. दहाही बोटं चालतात. डाव्या हाताची करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट पाहा, त्याईनं आपण कापूस कमी ओढतो. आदल्या राती खोबरेल तेल चोळून झोपाव, सकाळी साबणानं धुवून कोरडं कराव. मंग जाव. वेचून आल्यावर तसंच जाल तर कधीच नाई लागत.

आमच्या दुकानात आता डोळ्याचं मशीन पण आहे. माह्या मायचं डोळ्यावरच होते. दुकानदाराले मांगाव लागते, तो आपल्या मनानं नाई काढत.

अन् अंगठा नाई लागला म्हणून धान्य नाई, असं करताच येत नाई. केंद्राचंच २०१७ पासून सांगणं हाये, ओळख पटवून, वहीत नोंद करून द्याव लागते. आमच्या गावात बचत गटाच्या साऱ्या बाया मिळून गेलो तवा वही निघाली. एकटी गेली होती तवा नव्हती निघाली.

---

पऱ्हाटीवाली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, वेचणी चालू होती.

आमच्या पोस्टमनकडचं मशीन बिघडलेलं निघालं, म्हणून तालुक्यालाच गेली, सासूबाईंना घेऊन. आदल्या रात्री दोघींनी तेल चोळलं. त्या बाजेवर बसून बोटं चोळत म्हणाल्या, लग्नात हळद लावली तेव्हापासून एवढं कोणी चोळलं नाही. मारेगावच्या माय, तुमचं खरं निघालं. माझी डाव्या हाताची करंगळी पहिल्याच वेळी लागली. सासूबाईंची दहापैकी एकही नाही. मग मी डोळ्याचं मशीन मागितलं. त्या चष्मा काढून एवढ्या ताठ बसल्या की पोरगा म्हणे, आजी, श्वास घ्या. झालं त्यांचंही. दोघींचे १५० रुपये लागले. यांचं राहिलं, ते फवारणीवर होते.

सहाव्या दिवशी मेसेज आला. आमच्या घरात रेंज नाही, पाण्याच्या टाकीजवळ जावं लागते. म्हणून तिथं जाऊन उभी राहिली आणि मुद्दाम एक ओटीपी मागवून पाहिला. आला. माझ्याच फोनवर. काही काम नव्हतं त्या आकड्यांचं, तरी मी ते दोनदा वाचले. सासूबाई अंगणातूनच ओरडल्या, आली का वं ओटी?

अकोटच्या भाऊ, तुमचं लिहिलेलं मुलाला पाठवलं. त्याने रात्री फोन केला, बराच वेळ बोलला. वावराचं विचारलं, बोटांचं विचारलं.

बँकेतला नंबर अजून बाकी आहे. बुधवारी इकडे वेचा नाही, तेव्हा जाते. गुरुजी, तो वर्षभराचा नुसत्या बोलण्याचा रिचार्ज मागायचा तर दुकानात नेमकं काय म्हणून सांगू? शब्द लिहून द्या, मी तसाच वाचून दाखवते.